सरळ केलेली तार

वाकडं दिसलं की माझा हात जातोच. भिंतीवरचं कॅलेंडर असो, टेबलावरचा कागद असो, नाहीतर समोरच्याची कॉलर. प्रयोगशाळेत मला सगळे सरळताई म्हणतात. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नाही, पण मला कान आहेत. हे नाव पाडलं कुणी तेही मला ठाऊक आहे, माझ्या धाकट्या भावाने. तो इथे शास्त्रज्ञ होता आणि मी तंत्रज्ञ. तो यायच्या आधी बारा वर्षं मी इथे होते, हे मी येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे. आता ऐकवत नाही. तो गेला त्याला तीन महिने झाले.

रोज सकाळी आले की आधी मी फ्लास्क भरायचे. गुडघ्याएवढा स्टीलचा फ्लास्क, आत द्रव नायट्रोजन. मागच्या अंगणातल्या टाकीतून नायट्रोजन घागरीसारख्या भांड्यात आणायचा, पांढऱ्या वाफेत पाय दिसेनासे व्हायचे, आणि बेताने ओतायचा. मग लाकडी पट्टी आत बुडवून काढायची आणि गारठ्याची पांढरी रेघ कुठवर चढते ते बघायचं. चार बोटांच्या खाली रेघ जाऊ द्यायची नाही. आत काचेच्या छोट्या चौकटीवर बसवलेली सोन्याची एक तार होती, केसाहून जराशी जाड. ती गार राहायला हवी होती. दवाखान्यात शेवटच्या दिवशी त्याने मला एवढंच सांगितलं होतं, "ताई, फ्लास्क भरत राहा."

तारेत काय आहे म्हणाल, तर काहीच नाही. म्हणजे तेच आहे. धाकट्याने मला पहिल्या वर्षी समजावलं होतं. सोनं खूप तापवलं की त्यातले काही अणू आपली जागा सोडतात आणि तिथे रिकामी जागा उरते. सोनं सावकाश गार केलं तर या रिकाम्या जागांना बाहेर पडायला वेळ मिळतो. पण लालबुंद तार एकदम पाण्यात घातली, आमच्या भाषेत तिला पाणी पाजलं, की रिकाम्या जागा आतल्या आत कोंडल्या जातात. मग तीच तार हलकी शेकली की त्या हळूहळू चालायला लागतात.

"चालतात म्हणजे? रिकामी जागा कशी चालेल?" मी म्हटलं होतं.

"नाटकाला सभागृह भरलंय आणि रांगेत मधली एकच खुर्ची रिकामी आहे," तो म्हणाला. "शेजारचा सरकून तिच्यात बसला की त्याची खुर्ची रिकामी. मग त्याच्या शेजारचा सरकतो. अशी ती रिकामी खुर्ची कडेला येते आणि तिथे संपते. धातूतही अशा कडा असतात. तारेचं अंग ही एक कडा. आणि तार कुठे वाकली असेल तर आत अणूंच्या रांगा मोडतात, त्याही कडाच. म्हणून सांगतो, पाणी पाजल्यावर तार वाकवू नकोस."

मी वाकवली नाही. आईशपथ सांगते, एकही तार मी वाकवली नाही.

पाण्यातून निघालेली तार चौकटीवर जराशी सैल पडायची. मधोमध तिचं पोट सुटायचं. आता अशी लोंबती तार मोजायला द्यायची, म्हणजे माझ्या हातचं काम असं दिसायचं? धाकट्याची पाठ वळली की मी हातमोजा घालून नखाच्या कडेने ती एका अंगाने हलकीशी दाबत न्यायचे. दोन वेळा फिरवलं की सुतासारखी सरळ. त्याने वाकवू नकोस म्हणून सांगितलं होतं, आणि मी सरळ करत होते. धातूला या दोन्हींतला फरक कळत नाही, हे मला पाच वर्षं कळलं नाही.

त्या पाच वर्षांत धाकट्याने नाव काढलं. त्याच्या तारांतल्या रिकाम्या जागा फार लवकर नाहीशा व्हायच्या. तासाभरात अर्ध्या गायब. इतरांना याच्या कितीतरी पट वेळ लागायचा. तो म्हणाला, माझं सोनं जास्त शुद्ध आहे म्हणून हे दिसतं. रिकाम्या जागा एकेकट्या चालत नाहीत, जोडीने चालतात आणि जोडी झपाझप चालते. त्यावर त्याने लेख लिहिले, भाषणं दिली. आकडेमोड करायला आमच्याकडे एक गणितवाली आहे, चाळिशीची, कामापुरतं बोलणारी, खिशात कायम बिस्किटांचा पुडा. तिनेही महिनोन्‌महिने घासून त्याची समीकरणं मांडली. धाकटा जेवताना हातवारे करून मला त्या जोड्यांच्या गोष्टी सांगायचा. त्याच्या ताटात भाताची शितं सांडायची आणि मी ती उचलायचे.

मग अडीच वर्षांपूर्वी दुसऱ्या एका प्रयोगशाळेतून पत्र आलं. तिथला एक म्हातारा शास्त्रज्ञ, भाषा सभ्य. आम्ही तुमचाच प्रयोग केला, आमच्याकडे रिकाम्या जागा सावकाशच जातात. पाणी पाजल्यानंतर तुमच्या तारा कुठे वाकत तर नाहीत ना, एकदा तपासून पाहाल का?

धाकट्याने ते पत्र मला मोठ्याने वाचून दाखवलं आणि हसला. "यांना वाटतं आपण तारा वाकवतो. ताई, ऐकतेस ना?"

मी ऐकत होते. माझ्या हातात त्या वेळी चौकट होती, आणि नखाखालची तार अर्धी सरळ झाली होती. मी होते तिथेच खाली बसले. तो म्हणाला, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, गुडघा."

त्याने उत्तर काय धाडलं ते मला पाठ आहे. "माझ्या तारा माझी थोरली बहीण हाताळते. तिच्या हातांवर मला माझ्या आकड्यांहून जास्त भरवसा आहे."

तेव्हा सांगायला हवं होतं. मला कुणी शिकवायची गरज नाही, मला कळतं ते. पण पाच वर्षांचं काम, त्याचं नाव, गणितवालीचे ते कागदांचे ढीग. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हटलं, राहू दे. बरं, त्या दिवसापासून तार सरळ करायचं सोडलं असतं तर? तर आकडे एकाएकी बदलले असते आणि तो मुळाशी गेला असता. म्हणून मी करत राहिले. पहिली पाच वर्षं ती माझी चूक होती. पुढची दोन वर्षं चूक नव्हती. त्याला दुसरं नाव आहे आणि ते मी माझ्या तोंडाने घेत नाही.

त्या दोन वर्षांत सभांमध्ये लोक त्याला टोचून बोलायला लागले. एका सभेत कुणीतरी म्हणे विचारलं, तुमच्या रिकाम्या जागांना कसली एवढी घाई असते? सभागृह हसलं. त्याने घरी येऊन मला तो विनोद सांगितला, स्वतःही हसला, आणि जेवला नाही. मी म्हटलं, "तुझी कॉलर आत गेलीय," आणि ती बाहेर काढली. एवढंच करता आलं मला.

सहा महिन्यांपूर्वी माझं डोळ्याचं ऑपरेशन झालं. पाच दिवस मी घरी होते. परत आले तर धाकटा म्हणाला, "ताई, सध्या नव्या तारा नकोत. आधीचेच आकडे पुन्हा तपासू." मला वाटलं, दमलाय. मनातून बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू. पुढे तीन महिन्यांनी त्याच्या छातीत कळ आली. दवाखान्यात अकरा दिवस होता. मी अकराही दिवस त्याच्या उशाशी. रोज सकाळी ठरवायचे, आज सांगते. मग डॉक्टर यायचे, नाहीतर तो झोपलेला असायचा, नाहीतर त्याचा चेहरा बघून माझ्याने होत नसे. त्याचे केस विंचरायचे, चादरीच्या चुण्या काढायचे. नवव्या दिवशी त्याने मला विचारलं, "ताई, तुला काही बोलायचंय का?" मी म्हटलं, "उशी वाकडी झालीय, मान जरा वर कर."

तो गेला आणि मी फ्लास्क भरत राहिले. आत कुठली तार आहे, हे मी बघितलंसुद्धा नव्हतं. जुनीच असेल एखादी, असं धरून चालले होते.

गेल्या शुक्रवारी गणितवाली आली. महिनाअखेर ही खोली दुसऱ्यांना द्यायची होती, त्यामुळे सामानाची यादी चालली होती. तिने फ्लास्कचं झाकण काढलं, दोरा धरून चौकट वाफेच्या काठापर्यंत वर घेतली आणि चिठ्ठी वाचली. "ही नोंदवहीत नाही," ती म्हणाली. "तारीख बघा. तुमच्या ऑपरेशनच्या आठवड्यातली आहे. सरांनी स्वतः पाणी पाजलंय."

चिठ्ठीवर त्याचं ते कोंबडीच्या पायांचं अक्षर होतं. तारखेखाली लिहिलं होतं, हात न लावता.

"मोजायला हवी," गणितवाली म्हणाली. "सरांचं बरोबर की पलीकडच्यांचं, ते ही एकटी तार सांगेल. आणि एकदाच सांगेल. शेकली की रिकाम्या जागा गेल्या, पुन्हा मोजता यायची नाही. शनिवार-रविवारी मी नाही. सोमवारी बसू या. तार तुम्हीच लावायची."

मी मान हलवली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात तर भर दुपारचं ऊन पडलं होतं. ही तार माझ्या नखाखालून गेलेली नव्हती. हिच्यातल्या रिकाम्या जागा सावकाश गेल्या, म्हणजे धाकट्याची सात वर्षं खोटी, आणि खोटी केली कुणी, तर मी. आणि न मोजावं तर? लोक भांडत राहतील, पण भांडणात तरी त्याचं नाव राहील. फ्लास्क कोरडा पडला तर काय होईल, हे मला पक्कं माहीत होतं. तार खोलीच्या उबेला येईल, आणि काही दिवसांत ज्या काही रिकाम्या जागा आहेत त्या आपोआप कडेला लागतील. कुणाला काही करावं लागणार नाही. काही न करणं मला चांगलं जमतं, दोन वर्षांची सवय होती.

शनिवारी मी फ्लास्क भरला नाही.

नुसती खुर्चीत बसले आणि वाफेची ती बारीक शेंडी बघत राहिले. दुपारी कुलूप लावून घरी गेले. घरात त्याची खोली तशीच आहे, कपाटात सगळे सदरे कॉलरीचं बटण लावून मीच टांगलेले. रविवारी सकाळी चहाचं पाणी ठेवलं आणि एकाएकी मनात आलं, त्या तारेला शेवटचा हात त्याचा लागलाय. पाणी त्याने पाजलं. आत कोंडलेल्या त्या रिकाम्या जागा त्याने केलेल्या आहेत, आणि मी त्या गुपचूप मरू देतेय, फक्त माझी अब्रू राहावी म्हणून. त्याच्या नावासाठी वगैरे काही नाही, माझ्यासाठी. गॅस बंद केला आणि जी निघाले ती धावतच गेले. या वयात, या गुडघ्यांनी. पट्टी बुडवली तर रेघ दीड बोट. तार अजून बुडालेली होती. मी ओतत गेले, ओतत गेले, हातमोजा घालायचं भान राहिलं नाही. बोटांना चटका बसला तेव्हा रडू आलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा. फ्लास्क काठोकाठ भरेपर्यंत रडत होते.

सोमवारी सकाळी आम्ही दोघी बसलो. मोजायच्या फ्लास्कमध्ये तार न्यायची म्हणजे चिमट्याने चौकट उचलायची, ती उबेला यायच्या आत दुसऱ्या नायट्रोजनमध्ये बुडवायची आणि चार बारीक जोडण्या स्क्रूखाली घ्यायच्या. मी चौकट उचलली आणि तार पाहिली.

अगदी वाकडी होती. मधोमध पोट सुटलेलं, एका टोकाला तापवायच्या आधीचीच मुरड. धाकट्याचंच काम. माझं नख आपसूक पुढे गेलं. खरंच गेलं, सगळं माहीत असूनसुद्धा. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात तो असा. गणितवालीचा श्वास थांबलेला मला ऐकू आला. मी बोट मागे घेतलं आणि तार तशीच, वाकडीच्या वाकडी, आत सोडली.

विजेला तारेतून जायला किती अडथळा होतो ते मोजायचं. रिकाम्या जागा जास्त तर अडथळा जास्त. मग साठ अंशांच्या तेलात तार दहा मिनिटं शेकायची, परत नायट्रोजनमध्ये बुडवायची आणि परत मोजायची. पहिल्या शेकानंतर आकडा हललाच नाही म्हणा ना. दुसऱ्यानंतर जरासा. माझ्या तारा तासाभरात निम्म्यावर यायच्या. ही सहा शेक झाले तरी जवळजवळ तिथेच होती. गणितवाली आलेख कागदावर एकेक टिंब मांडत होती, आणि टिंबं आडवी चालली होती. जेवायची वेळ टळून गेली. तिने बिस्किटं पुढे केली, मी नको म्हटलं.

संध्याकाळी चार वाजता ती पेन्सिल खाली ठेवून म्हणाली, "पलीकडच्यांचं बरोबर आहे."

"हो," मी म्हटलं.

"जोड्याबिड्या काही नाहीत. आधीच्या तारांत काहीतरी मोडलेलं होतं."

तेव्हा मी बोलले. उभी राहूनच बोलले. "आधीच्या सगळ्या तारा पाणी पाजल्यावर मी सरळ केल्या. नखाने. पाच वर्षं कळत नव्हतं म्हणून, आणि मग दोन वर्षं कळत होतं तरी. त्याला सांगितलं नाही. तो हसं करून घेऊन घरी यायचा तेव्हाही नाही, दवाखान्यातही नाही. तू हे लिही आणि माझं नाव घालून लिही. तुझेही कागद मी वाया घालवलेत, त्याबद्दल तुला काय हवं ते बोल."

ती उठली, आपल्या टेबलाच्या खणातून एक बंद पाकीट काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. "सरांनी दिलं होतं, दवाखान्यात जायच्या महिनाभर आधी. म्हणाले होते, ताई स्वतः बोलली तरच दाखव. नाही बोलली तर फाडून टाक."

आत त्याने पलीकडच्या म्हाताऱ्याला पाठवलेल्या पत्राची प्रत होती. तारीख माझ्या ऑपरेशननंतर आठ दिवसांची.

"आपली शंका खरी होती. गेल्या आठवड्यात मी दोन तारा अजिबात न दाबता तयार केल्या. त्यातली एक मोजली आणि आपलेच आकडे आले. आधीच्या तारा पाणी पाजल्यावर मी स्वतः सरळ करत असे. सवयीने. चूक माझ्या हातांची आहे, दुसऱ्या कुणाचाही तिच्याशी संबंध नाही. दुसरी तार मी राखून ठेवली आहे. ती मी मोजणार नाही, माझी बहीण मोजेल. तिच्याइतके स्थिर हात मी दुसरे पाहिलेले नाहीत."

म्हणे सवयीने. ज्या माणसाने जन्मात स्वतःची कॉलर सरळ केली नाही तो. मला हसू फुटलं आणि ते हसू कुठे जाऊन पोचलं ते सांगत नाही. गणितवालीने खिडकी लावून घेतली आणि माझ्या शेजारी येऊन बसली.

पलीकडच्या म्हाताऱ्याला मी परवा माझ्या अक्षरात पत्र लिहिलं. माझ्या भावाने तुम्हाला खोटं सांगितलं, नख माझं होतं, आणि सोबत या तारेचे आकडे. खोली उद्या द्यायची आहे. फ्लास्क मी रिकामा करून उन्हात पालथा घातलाय. तारेत आता काही उरलेलं नाही, कुठल्याही साध्या सोन्यासारखी झालीय. ती तिच्या चौकटीवर माझ्या टेबलावर आहे, पोट सुटलेली. येता-जाता हात जातो, मी लावत नाही.

त्याला माहीत होतं. अकराही दिवस माहीत होतं. मी त्याचे केस विंचरत होते, चुण्या काढत होते, आणि तो माझ्याकडे बघत पडून होता. मला वाटायचं, दुखतंय. नवव्या दिवशी त्याने आपणहून दार उघडून दिलं होतं, तुला काही बोलायचंय का म्हणून. आणि मी त्याची उशी सरळ केली.